ज्यानं पहिला फोन उचलला

४ मार्च

चिरंजीवास,

आशीर्वाद आत्ता पाठवत नाही. तो शिल्लक ठेवलाय. कधी सोडायचा ते तुझ्या वागण्यावर आहे.

हे पत्र शेजारची टेलरबाई लिहिते आहे. तिच्या मशीनवर कुणाच्या तरी पडद्यांचा ढीग पडलाय, तो बाजूला सारून ती माझ्यासाठी बसलीय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. मी सांगेन ते सगळं लिहायचं, काही गाळायचं नाही, अशी अट घातली आहे. ती म्हणाली, "आजी, शिव्यासुद्धा?" म्हटलं, शिव्या आधी.

तर बाळा, परवा मी फोन केला होता. विसरला असशील तर आठवण करून देते.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं काउंटरवर एक कागद चिकटवलाय. त्यावर बुटांच्या जोडीचं चित्र आहे, मिलिटरीच्या बुटांचं, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "आजी, लष्करातून आलेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हेल्पलाइन आहे ही. काय पाहिजे ते सांगायचं, ते योग्य माणसाशी गाठ घालून देतात. डॉक्टर म्हणा, काम म्हणा, नुसतं बोलायला कुणी म्हणा." मी म्हटलं, लाव. त्यानं आपल्याच फोनवरून लावून दिला आणि गिऱ्हाइकं थांबवून मला स्टूल दिलं.

पलीकडून आधी दोनदा घसा खाकरल्याचा आवाज. मग, "नमस्कार. मी काका बोलतोय. आपण एकटे नाही आहात. आम्ही ऐकतोय."

अरे मेल्या! त्या घशाला मी मधाची बोटं लावलीत. तू काका म्हण नाहीतर राजा म्हण, खाकरणं कुठं लपवशील?

स्टुलावरून पडायचीच बाकी होते. पण म्हटलं, बघू तरी हा काय करतो. मी अनोळखी झाले. पोटच्या पोराला 'अहो काका' म्हटलं. औषधवाल्याला वाटलं, काय सभ्य म्हातारी आहे.

"कुणाबद्दल बोलायचंय आपल्याला?" तू विचारलंस.

"नातवाबद्दल. मिलिटरीतून परत आलाय. घरातली सगळी दारं बिजागऱ्यांतून काढून ठेवलीत त्यानं."

मग कागद उलटल्याचा आवाज.

"घरात आणखी कोण असतं?"

"मी आणि तो. बाप आहे, पण दुसऱ्या गावी. असून नसल्यासारखा."

"वडिलांशी... त्यांचं बोलणं होतं का?"

हे तू मला विचारलंस. मला! कुणीतरी लिहून दिलेल्या कागदावरून, गोड आवाजात, जसा काही तो बाप कुणी तिसराच आहे.

"ते तूच सांग की रे," मी म्हटलं.

"लाइन खराब आहे," म्हणालास आणि ठेवलास. लाइन काचेसारखी स्वच्छ होती. तुझा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे म्हणायला शाळेत जावं लागत नाही.

आता कान उघडे ठेवून वाच. हेल्पलाइन म्हणजे काय, कुठल्या डॉक्टरकडे जायचं, ते मी दुसऱ्या कुणाकडून काढून घेईन. तुझ्याकडून मला एकच पाहिजे. चिमणला त्याचा बाप पाहिजे. काका नको.

तुझी आई

शाई नव्हती, म्हणून अंगठा टेलरबाईच्या निळ्या खडूचा आहे.


१२ मार्च

चिरंजीवास,

उत्तर नाही. बरं. तोंडाला कुलूप घालायची कला तुझ्या बापाकडून आली तुला. तो निदान भांडण झाल्यावर घालायचा, तू आधीच घालून बसतोस.

तुमच्या हेल्पलाइनवरून एका बाईचा फोन आला. औषधवाला फोन हातात धरून धापा टाकत वर आला बिचारा. बाई दुपारच्या पाळीला असते म्हणाली, म्हणून मी तिला पाळीवाली म्हणते. तीही हसली आणि मला आजी म्हणायला लागली.

म्हणाली, "आजी, काकांनी तुमचं प्रकरण माझ्याकडे घ्यायला सांगितलंय. तब्येत बरी नाही म्हणाले."

मी म्हटलं, "काय झालं काकांना?"

"घसा बसलाय."

बसेल नाहीतर काय!

मग तिनं तुझी आरती सुरू केली. काका म्हणजे आमचा सगळ्यांत चांगला माणूस. मागच्या हिवाळ्यात एक पोरगा फोनवर काही बोलेना, नुसता रडत होता, तर काकांनी पाळी संपल्यावरही फोन सोडला नाही, डबा तसाच राहिला, शेवटी त्या पोराच्या बहिणीला गाठून घरी पोचवलं आणि मगच उठले. ऐकून मला अभिमान वाटला. मग त्या अभिमानाचाच असा संताप आला की हातातली वाटी भिंतीवर मारली. (टेलरबाई म्हणते, वाटी स्टीलची होती, काही झालं नाही. भिंतीचा पोपडा गेला.) परक्याच्या पोरासाठी स्वतः उपाशी राहिलास. आणि स्वतःच्या पोराला काय दिलंस, ते मी तिला सांगू का?

सांगितलं नाही. काका माझा मुलगा आहे, हेही सांगितलं नाही. तुझी अब्रू माझ्या पदराच्या गाठीला आहे, तेवढं ध्यानात ठेव.

पण तिनं एक नियम सांगितला तो मला फार आवडला. जुन्या बसडेपोच्या शेडमध्ये दर बुधवारी तुमच्यासारखी परत आलेली माणसं जमतात आणि दवाखान्यांच्या मोडक्या चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, खाटा दुरुस्त करतात. चहा असतो, बडबड असते, एक डॉक्टरीणबाई असते, पण ती पांढरा कोट घालत नाही आणि तीही पाना घेऊन बसते. पाळीवाली म्हणाली, "आजी, माणसं फोनवर हो म्हणतात आणि शेडच्या दारातून परत फिरतात. म्हणून आमच्यात ठरलेलं आहे. ज्यानं पहिला फोन उचलला, त्यानंच पहिल्या दिवशी यायचं आणि त्या माणसाला सोबत घेऊन आत जायचं. प्रकरण बाकी कुणालाही देता येतं, हे दार मात्र देता येत नाही."

पहिला फोन कुणी उचलला, बाळा?

तुला घरचा हालहवाल कळावा म्हणून सांगते. खोल्यांची दारं गॅलरीत उभी आहेत, एकावर एक, त्यांवर मी गोधड्या वाळत घालते. न्हाणीघराला पडदा आहे, टेलरबाईनं शिवलेला, बदकांचा. या वयात मी मोठ्यानं गाणी म्हणत अंघोळ करते, आत कुणी आहे हे कळावं म्हणून. खालचा भाडेकरू म्हणाला, "आजी, आवाज अजून खणखणीत आहे हो." म्हटलं, तिकीट लावते उद्यापासून. बाहेरचं दार तेवढं चिमणनं ठेवलंय. त्यातून जाताना तो किती वेळ उभा राहतो, ते मी बघते आणि बघत नाही असं दाखवते.

मिलिटरीत त्याचं काम काय होतं, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? बंद घरात आधी शिरायचं. दार ढकलायचं, पाऊल टाकायचं, बाकीचे मागून. किती दारं ओलांडली असतील त्यानं. एक दिवस तो दारात थांबला. का थांबला, ते त्यालाही सांगता येत नाही. मागचा जोडीदार त्याला ओलांडून पुढे गेला आणि बाहेर आला नाही.

आणि तू काय म्हणालास? माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून? "दारात थांबणारा माझा मुलगा नाही. असा येण्यापेक्षा पेटीत आला असतास तर मान वर करून चाललो असतो."

टेलरबाई लिहायची थांबली आहे. ती म्हणते, हे मी लिहिणार नाही. मी म्हटलं, तो बोलू शकला, तू लिहू शकत नाहीस? लिही. काळ्यावर पांढरं, नाही, पांढऱ्यावर काळं होऊ दे.

जिभेला हाड नसतं म्हणतात. तुझ्या जिभेला आहे, टोकदार.

तुझी आई


२३ मार्च

बाळा,

तुझ्या चुलत बहिणीनं निरोप दिला की तू म्हणालास, "आईला सांग, नियम मोडता येतात."

येतात. सगळं मोडता येतं. तुझ्या पोराला बघायला ये म्हणजे कळेल.

बुधवारी तो एकटा गेला होता. मी पाठवला नाही. पाळीवालीचं बोलणं मी त्याला जसंच्या तसं सांगितलं होतं, तेवढ्यावर सकाळी उठून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाला, "आजी, खुर्च्याच दुरुस्त करायच्या ना? त्याला कशाला कुणी पाहिजे?" मला हसू आलं आणि मी तोंड फिरवलं, कारण शर्टाची बटणं त्यानं एक सोडून लावली होती.

अंधार पडायच्या आत आला. बसनं नाही, चालत, कुठं कुठं भटकून. बूट हातात, मोजे फाटलेले. पाणी प्याला, पेला धुतला. परत धुतला. मला विचारायची जन्मखोड, पण गप्प बसले. मग तोच म्हणाला, "दारापर्यंत पोचलो होतो. पत्र्याचं दार आहे. आतून हसण्याचा आवाज येत होता."

"मग?"

"हसण्याचा आवाज येत होता, तरी हात पुढे जाईना."

इतका मोठा माणूस, खांदे दारात न मावणारे, आणि त्याचं नाव आपण चिमण ठेवलं होतं तेव्हा तो माझ्या ओंजळीत मावत होता. आज परत मावेल असा बसला होता.

थोड्या वेळानं म्हणाला, "कुणी आधी आत गेलं तर मी मागून जाईन."

"मी जाते की. मला मारायला गोळी वाया घालवेल असा मूर्ख अजून जन्मला नाही."

हसला. मग म्हणाला, "तू नको."

तेव्हा मी त्याला सांगितलं, पहिला फोन कुणी उचलला होता ते. लपवाछपवी माझ्या घरात चालत नाही, दारंच नाहीत. त्यानं पेला तिसऱ्यांदा धुतला. मग एवढंच म्हणाला, "ते येणार नाहीत." चिडून नाही रे. बस चुकली की आपण म्हणतो ना, गेली, तसं.

म्हणून आज मला तुझी लाज वाटते, आणि रागही येतो, कोणता जास्त ते ठरवायला वेळ नाही.

पहिल्या लढाईहून तू परत आलास तेव्हा तुझं लग्न व्हायचं होतं. तू पलंगावर झोपत नव्हतास. पलंगाखाली झोपायचास, भिंतीकडे तोंड करून, हातात चप्पल घट्ट धरून. मी शेजारी फरशीवर अंथरूण घातलं. पावसाळा गेला, हिवाळा गेला. लोकांनी विचारलं, तर मी म्हणायचे, पोराला उकडतं म्हणून खाली झोपतो. तुझ्या बायकोलासुद्धा मी हे कधी कळू दिलं नाही, आणि ती बिचारी न कळताच गेली. तेव्हा बुटांच्या चित्राचा कागद नव्हता कुठे. मी होते. तुला 'पेटीत आला असतास तर' असं मी म्हटलं होतं का? म्हटलं असतं तर तू आज कुणाचा काका झाला असतास?

पुढल्या नाही, त्याच्या पुढल्या बुधवारी, चार एप्रिलला, दुपारी दोन वाजता. डेपोच्या बसथांब्यावर. चिमण जाणार आहे. तू नसलास तर तो परत तिसऱ्यांदा जाणार नाही, हे मी त्याच्या पाठीवरून ओळखते.

नाही आलास तर तू मला मेलास, असं काही मी म्हणणार नाही. असलं बोलणं या घरात एकदाच झालं, ते तेवढंच पुरे.

आई


५ एप्रिल

बाळा,

आलास.

तेवढ्यावर मी गप्प बसेन असं वाटलं असेल तर तू मला ओळखत नाहीस.

मी तिथे नव्हते, पण मला सगळं कळलं. चिमणनं रात्री जेवताना थोडं सांगितलं, सकाळी दाढी करताना थोडं, आणि उरलेलं मी टोचून टोचून काढलं. तू थांब्यावर उभा होतास, गळ्यात हेल्पलाइनचं ओळखपत्र अडकवून. पोरगा बसमधून उतरला. आणि तू काय म्हणालास? "नमस्कार. मी हेल्पलाइनकडून. आपण एकटे नाही आहात."

आपण! ज्याची शी-शू काढलीस त्याला 'आपण'!

तो म्हणाला, "माहीत आहे." आणि चालायला लागला. रस्ताभर दोघांत एक शब्द नाही. दोन ओंडके बरे, एकमेकांवर आपटले तर आवाज तरी होतो.

पुढचं सांगताना त्यानं वस्तरा खाली ठेवला. म्हणाला, "आजी, ठरल्याप्रमाणे बाबा पुढे, मी मागे. त्यांनी कडीला हात घातला. आणि थांबले."

"थांबला म्हणजे?"

"थांबले. दारातच. हात कडीवर, मान खाली. मला वाटलं घसा खाकरतील, पण तेही नाही."

देवाशपथ सांगते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. आत्ता कळलं का, असं मनात आलं. तू वाच आणि लागू दे तुला. मी तुझी आई आहे, संत नाही.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

तर म्हणाला, तुमच्यात एक रीत असते. दाराशी रांगेत उभं राहिलं की मागच्यानं पुढच्याचा खांदा दाबायचा. तोंडानं बोलायचं नसतं. दाबला म्हणजे, मी आहे मागे, चल. त्याचा जोडीदार दर वेळी त्याचा खांदा असा दाबायचा. त्या दिवशीसुद्धा दाबला होता.

"मी बाबांचा खांदा दाबला," म्हणाला. "आणि ते आत गेले. मग मीही."

टेलरबाई डोळे पुसते आहे आणि पडद्याच्या कापडाला नाक लावते आहे. गिऱ्हाइकाचं आहे ते, बाई!

आत त्याला एक खुर्ची दिली म्हणे, चाक घासत होतं. त्यात तो असा गुंतला की मान वर केली तेव्हा चहा गार झालेला आणि तू गेलेला. पाळीवालीनं सांगितलं, काकांना बस होती.

बस होती. आमच्या गल्लीवरून जाते ती बस. दोन थांबे. उतरला असतास तर मी काही खाल्लं नसतं तुला.

चिमण म्हणतो, पुढच्या बुधवारी तो एकटा जाईल, आता दार माहितीचं झालंय. म्हणजे तुमच्या हेल्पलाइनचं काम झालं. पाळीवालीनं फोन करून मला तसं सांगितलंही, खूश होती. मी तिला आशीर्वाद दिला. तुझा अजून शिल्लकच आहे.

कारण तू काका म्हणून आलास, काका म्हणून गेलास. तुझं ते वाक्य अजून माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसलंय. त्याला उठवायला कोण येणार?

आई


१० एप्रिल

बाळा,

आज मी टेलरबाईच्या फोनवरून परत फोन केला. तू नव्हतास, पाळीवालीनं उचलला.

मी म्हटलं, "एक माणूस नोंदवायचा आहे. माजी सैनिक. वय साठीला टेकलंय. पोरासमोर यायला घाबरतो. त्याला हाताला धरून आमच्या घरी आणायचं आहे."

ती म्हणाली, "आजी, त्यांना स्वतःला यावंसं वाटायला हवं. आम्ही ओढून कुणाला आणत नाही."

"मग तुमचा काय उपयोग?"

तिनं पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाली, "आजी, रागावू नका, एक विचारू? तुम्ही आणि आमचे काका घसा अगदी सारखा खाकरता."

मी म्हटलं, लाइन खराब आहे, आणि ठेवला. तेव्हा तुझी अब्रू आता कुणाच्या पदराला आहे, ते तुझं तू बघ. शहाणी पोरगी आहे, कुठं बोलणार नाही.

पण तिचं म्हणणं मला पटलेलं नाही. यावंसं वाटेपर्यंत थांबायला तिच्या वयात परवडतं.

चिमणला मी सांगितलं की मी तुला रविवारी बोलावणार आहे. बराच वेळ स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं नखं उकरत बसला. मग म्हणाला, "आले तर मी काय बोलू?"

"तू काही बोलायचं नाहीस," मी म्हटलं. "बोलायचं त्याला आहे. जे बोलला होता ते परत घ्यायचं आहे. माझ्यासमोर, त्याच खुर्चीत बसून, मोठ्यानं."

"आणि त्यांना जमलं नाही तर?"

"तर परत बोलेल. जमेपर्यंत बोलेल. चहा करत राहू आपण."

तर रविवारी सकाळी ये. ओळखपत्र घालून येऊ नकोस, नमस्कार म्हणू नकोस, आणि त्याला 'आपण' म्हटलंस तर कानाखाली आवाज काढीन, तुझं वय काय आहे ते मी बघणार नाही.

मी गॅलरीत बसून रस्ता बघत राहणार आहे, गोधड्यांच्या आडून. तू कोपऱ्यावर येऊन उभा राहशील, औषधवाल्याच्या दुकानाशी घुटमळशील आणि मागे फिरायला लागशील, हे मी आत्ताच बघतेय. तसं केलंस तर मी खाली उतरेन. एकटी, कठडा धरून, तिन्ही जिने. उतरणं मला जमतं. वर चढणं गेली दोन वर्षं जमत नाही. गुडघे ऐकत नाहीत. तो पहिला फोन केला त्या दिवशी खाली गेले होते ना, तेव्हा टेलरबाई आणि औषधवाल्यानं मला खुर्चीत बसवून वर आणलं, आणि औषधवाला मग आठवडाभर स्वतःच्याच दुकानातलं मलम चोळत होता. रविवारी त्याचं दुकान बंद असतं आणि टेलरबाई माहेरी जाणार आहे.

म्हणजे मी खाली फुटपाथवर बसलेली असेन, बाळा, सगळ्या गल्लीसमोर, तुझं नाव घेऊन ओरडत. वर न्यायला दोन माणसं लागतात.

एक घरात आहे.

आई